पोकळ लाद्या

धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं उभी होती, आणि गावाने तिचं नाव गारठा ठेवून अठरा वर्षं झाली होती. पहिलं एक वर्ष गावाने तिला सवलत दिली. तेव्हा ती नुकतीच सासर सोडून आली होती आणि लोकांना वाटत होतं, राग उतरला की जाईल परत. ती गेली नाही. का सोडलं म्हणून विचारायला आलेल्या पहिल्या बाईला तिने सांगितलं, "जेवण चांगलं नव्हतं." दुसरीला सांगितलं, "घरात उजेड कमी होता." तिसरी आलीच नाही. तिच्या वहिनीच्या मते नवऱ्याने हात उचलला होता आणि हिने तो हात पिरगाळून ठेवला होता. खरं काय ते तिलाच ठाऊक, आणि तिच्याकडून ते काढून घेण्यापेक्षा दगडातून पाणी काढणं सोपं.

कारखाना दादाचा, म्हणजे तिच्या थोरल्या भावाचा. दादा मालक होता याचा अर्थ तो पुढच्या खोलीत पंख्याखाली बसायचा. मागे टाकीवर ती. मिठाच्या थंड पाण्याने भरलेली, खोलीएवढी टाकी, तिच्यात साध्या पाण्याचे एकशेवीस पत्र्याचे डबे उभे सोडलेले. सहा-सहा डब्यांची रांग कप्पीने वर ओढायची, डबे गोड्या पाण्यात बुचकळायचे की लादी सुटते आणि घसरत उतारावर येते. या कामात तिच्या उजव्या करंगळीचं एक पेर गेलं होतं. ते कुठे पडलं म्हणून दादा शोधत बसला होता, तेव्हा तिने फडकं गुंडाळून उरलेल्या रांगा काढल्या. लादी पूर्ण जमायला वीस-बावीस तास लागतात. बर्फ डब्याच्या कडेने जमत जमत आत जातो आणि मधला गाभा सगळ्यांत शेवटी गोठतो. घाई केली तर वरून लादी, आत पाणी. ते पाणी ओतून दिलं की उरतं नुसतं टरफल. लादी ओढायच्या लोखंडी आकड्याच्या दांड्याने ठोकलं की भरीव लादी टणक वाजते आणि पोकळ लादी ठप्प आवाज करते, एवढं साधं आहे. एकोणीस वर्षांत ठप्प वाजणारी लादी तिने कोणाच्या बोटीत जाऊ दिली नव्हती.

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. रस्ता तिथे येऊन संपतो, आणि मदत मागवायची तर ती पोचेपर्यंत माणसाचं वर्षश्राद्ध उरकतं. त्यामुळे हरवलेली बोट शोधायची ती गावानेच. पण कधी? दोनदा असं झालं होतं की घाबरून सगळ्या बोटी शोधायला गेल्या आणि ज्यांना शोधायचं ते मजेत मासे मारत बसलेले सापडले. तेव्हापासून गावच्या मच्छीमार संस्थेने ठरवलं, बर्फ असेपर्यंत काळजी नाही. बर्फ संपला आणि वर एक दिवस गेला, मगच शोध. म्हणून कारखान्याच्या भिंतीवर एक काळा फळा होता आणि त्यावर प्रत्येक बोटीपुढे किती दिवसांचा बर्फ दिला तो आकडा असायचा. तो आकडा ती लिहायची. बायका भाजीला जाता-येता फळा वाचायच्या आणि आपापल्या घरी निश्चिंत जायच्या. नवरा कधी येणार हे त्याच्या बायकोच्या आधी गारठ्याला कळतं, असं लोक म्हणायचे, आणि ते चेष्टेने म्हणत असले तरी खरंच होतं.

मिस्त्री सहा वर्षांपूर्वी एका बोटीचं इंजिन दुरुस्त करायला आला होता. काम एका दिवसाचं होतं. तो राहिला. जाळ्यांच्या शेडमागे एक खोली घेतली, पुढे एक मोडकी बोट घेतली, तीन वर्षं खपून तिला पाण्यात उभी केली आणि उंच्या नावाचा एक ताडमाड माणूस जोडीला घेऊन मासेमारी करू लागला. तरी गावाच्या लेखी तो बाहेरचाच. कारखान्याचा कॉम्प्रेसरही तोच बघायचा. दर पंधरा दिवसांनी कॉम्प्रेसर खडखडायचा, मिस्त्रीला निरोप जायचा, तो येऊन तासभर काम करायचा आणि टाकीजवळच्या बाकावर बसून चहा प्यायचा. तिला दुसऱ्या वर्षीच कळलं होतं की जाताना तो एक नट मुद्दाम अर्धवट पिळून जातो. तिने तो एकदाही पिळला नाही.

बोलणं असं फार नसायचं. "बाई, पाणी खारट झालंय तुमचं." "मिस्त्री, ते खारटच असतं." एवढ्यावर तो हसायचा आणि ती पाठ फिरवून हसायची. चाळिशीला आलेली बाई आणि पंचेचाळिशीचा बाप्या, दोघांचं वागणं मात्र शाळेतल्या पोरांसारखं. तिला त्याची लाज वाटायची आणि मंगळवारची वाटही बघायची, कारण मंगळवारी तो बर्फाला यायचा.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला आणि म्हणाला, "उद्या अठरा लाद्या लागतील. आठ दिवसांचा बेत आहे." मग टोपी काढून हातात फिरवली. "परत आल्यावर मला उत्तर हवंय, बाई. प्रश्न काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन शब्दांत सांगा, पण सांगा."

"आधी जाऊन तर या," ती म्हणाली.

तो गेला, आणि ती टाकीच्या कडेला उभी राहिली. उत्तर तिच्याजवळ तीन वर्षांपासून तयार होतं. तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथे काम झालं असतं. पण एकोणीस वर्षं जी जीभ फक्त लोकांना गप्प करायला वापरली, ती असल्या कामाला वळेना. आणि आठ दिवस! आठ दिवस हे उत्तर पोटात घेऊन बसायचं, म्हणजे जीव टांगणीला. तिने हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग अशी गोष्ट केली जी तिच्या जागी दुसऱ्या कोणी केली असती तर तिने त्याला आकड्याने हाणलं असतं. भिंतीकडच्या तीन रांगा बारा तासांतच वर ओढल्या. अठरा डबे. आतलं पाणी ओतून दिलं, पोकळ बाजू खाली करून लाद्या उतारावर मांडल्या आणि वर ओलं गोणपाट टाकलं. या लाद्या चार दिवस पुरत्या, फार तर साडेचार. बर्फ संपला की कोणीही माणूस घरी वळतो. जिभेला जे जमलं नाही ते तिने लाद्यांकडून करवून घेतलं.

सकाळी मिस्त्रीने आणि उंच्याने लाद्या नेल्या. ती उभी राहून बघत होती. मिस्त्रीने पहिली लादी आकड्याने उचलली, क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं, आणि नेऊन बोटीच्या खणात ठेवली. तिने फळ्यावर लिहिलं, ८. दुसरं काय लिहिणार?

चौथ्या दिवशी दुपारी तिने केस धुतले. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "आज काय विशेष?"

"मळले होते."

"तुमचे केस गेली दहा वर्षं रविवारीच मळतात," वहिनी म्हणाली आणि हसत आत गेली.

बोट आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती धक्क्याच्या टोकाला जाऊन आली, दुपारी गेली, संध्याकाळी गेली. चाळीस वर्षांत समुद्राकडे इतकं कधी बघितलं नव्हतं. तिला हळूहळू समजत होतं. बर्फ संपला असणार. बर्फ संपूनही तो आला नाही म्हणजे त्याला येता येत नाहीये. आणि ही गोष्ट या जगात फक्त तिला ठाऊक आहे. बाकी सगळ्यांच्या लेखी तो आणखी तीन दिवस सुखात होता, कारण फळ्यावर तसं लिहिलं होतं, आणि लिहिलं होतं तिने.

ती चेअरमनकडे गेली. संस्थेचा चेअरमन शांत माणूस. ओरडायचा नाही, समजावून सांगायचा, आणि ओरड्यापेक्षा त्याच्या समजावण्याने माणूस लवकर दमायचा. तो ओसरीवर जाळ्याचे तुकडे जोडत बसला होता.

"मिस्त्रीच्या बोटीचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली. "शोधायला जायला हवं."

"अगं, फळ्यावर आठ कोणी लिहिलेत? तूच ना?"

"मीच."

"मग? आज पाचवा. तुझाच आकडा तुला पटत नाही होय?" त्याने मान वर केली. "तीन दिवसांनी वारा चढणार म्हणून रेडिओवर सांगतायत. त्याआधी दोन दिवस मासा लागलाय तो मारून घ्यायचा आहे. उद्या सगळ्या बोटी दहाला बर्फाला येतील, तेवढा तयार ठेव. मिस्त्री काय कुकुलं बाळ आहे?"

तेव्हाच सांगून टाकायचं. ओठांपर्यंत आलं होतं. पण ओसरीवर चेअरमनची सून होती, शेजारचा होता, आणि तिच्या तोंडून निघालं, "ठीक आहे." घरी येताना तिने स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की एकोणीस वर्षांत गावाला दिल्या नसतील. वारा आठव्या दिवशी चढणार. शोध निघणार नवव्या दिवशी. आणि आपण काय सांभाळतोय? अब्रू? जिला सगळं गाव गारठा म्हणतं तिची अब्रू?

सहाव्या दिवशी उजाडता उजाडता ती कारखान्यात गेली. कॉम्प्रेसर बंद केला. कप्पीची साखळी धरली आणि पहिली रांग वर ओढली. मग दुसरी. आठ वाजता कारखान्याचे दोन्ही हमाल आले, तेव्हा उतारापासून रस्त्यापर्यंत लाद्याच लाद्या होत्या आणि ती शेवटची रांग ओढत होती.

"ताई, हे काय?" थोरला हमाल म्हणाला. "आज जमायच्या होत्या ना?"

"गोणपाटं आणा. झाका सगळं. आणि दहापर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

हमाल तिला घाबरायचे. त्यांनी झाकलं.

दहाला सगळे आले. नऊ बोटींची माणसं, चेअरमन, बास्केट घेऊन आलेल्या बायका, पुढच्या खोलीतून उठून आलेला दादा. उंच्याची म्हातारी आईही होती. ती रोजच फळा बघायला यायची, अक्षर येत नव्हतं तरी आठाचा आकार तिच्या ओळखीचा झाला होता. मग गारठा फळ्यासमोर गेली. मिस्त्रीच्या बोटीपुढचा आठ तळव्याने पुसला आणि तिथे खडूने मोठा चार काढला.

"आठ चुकीचे होते," ती म्हणाली. "मी त्यांना पोकळ लाद्या दिल्या. अठराच्या अठरा. चार दिवसांचा बर्फ होता तो."

दादा पुढे आला. "काय बडबडतेस? चुकून गेली असेल एखादी."

"चुकून नाही. मुद्दाम दिल्या."

"मुद्दाम म्हणजे?" चेअरमनने विचारलं.

"लवकर परत यावेत म्हणून."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "कोण यावा म्हणून? उंच्या?" आणि हशा पिकला. पोटं धरून हसली माणसं. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. हसणाऱ्यांत वहिनी नव्हती, एवढं तिने बघितलं.

"मिस्त्री," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा आला की तिलाच नवल वाटलं. "मिस्त्री परत यावेत म्हणून. मला आठ दिवस काढवेनात. झालं? आता हसून घ्या. हसायला पाच मिनिटं पुरतात, तेवढी घ्या आणि बोटी काढा. बर्फ परवाच संपलाय त्यांचा. येता आलं असतं तर काल इथे असते."

हसू ओसरलं. उंच्याची आई गर्दीतून वाट काढत आली. छातीएवढी बाई, पण आली ती वाघिणीसारखी. "माझ्या पोराच्या बर्फात तू खेळ केलास?"

"हो, मावशी."

म्हातारीने तिच्या थोबाडीत मारली. खणखणीत. दादा मध्ये पडायला लागला तसा तिने हातानेच त्याला थांबवलं. या सगळ्या गावात तिला मारायचा हक्क कोणाला असेल तर त्या म्हातारीला होता, आणि हे तिला थोबाडीत बसायच्या आधीपासून मान्य होतं.

चेअरमनने घसा साफ केला. "हे बघ, झालं ते वाईट झालं. पण नऊ बोटींचे दोन दिवस आहेत. आज-उद्या मासा मारून येऊ, येताना त्या बाजूने फेरी मारू. एकाच्या पायी सगळ्यांनी..."

"दोघांच्या," म्हातारी म्हणाली.

"दोघांच्या. शेवटी नियम आहे म्हणून तर..."

"बर्फाशिवाय मासा मारणार का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

ती गेली आणि उतारावरचं गोणपाट ओढलं. मग दुसरं, मग तिसरं. सकाळच्या उन्हात एकशेवीस लाद्या तोंडं वर करून पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात पाणी होतं. एक माणूस पुढे झाला आणि लादीला लाथ मारली. लादी ठप्प वाजली आणि फुटली.

"एकही भरीव नाही," ती म्हणाली. "टाकीत एकही डबा नाही. आत्ता पाणी भरलं तर उद्या सकाळी बर्फ मिळेल, आणि पाणी भरायला मी काही उठणार नाही. मासे मारायला जायचं तर कुजवून आणा. शोधायला जायचं तर जा. शोधायला बर्फ लागत नाही."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "तुला वेड लागलंय."

"लागलंय. उशिरा लागलंय, पण लागलंय."

"घरातून बाहेर हो!"

"होते. आधी बोटी जाऊ देत."

सगळे चेअरमनकडे बघत होते आणि चेअरमन लाद्यांकडे. तेवढ्यात सगळ्यांत जुना बोटवाला, ज्याला सगळे आजोबा म्हणायचे, तो चपला काढून हातात घेत म्हणाला, "रिकाम्या पोटाची बोट पळते बरी." आणि धक्क्याकडे चालू लागला. जाता जाता तिच्याजवळ थांबला. "कुठे बघायचं, पोरी?"

हे तिने रात्रभर मनात मांडून ठेवलं होतं. "चार दिवसांचा बर्फ म्हणजे तिसऱ्या दिवशी वळले असणार. काळ्या खडकांच्या पलीकडे पोचलेच नसतील. अलीकडे बघा."

अर्ध्या तासात नऊच्या नऊ बोटी गेल्या. शिव्या देत गेल्या, पण गेल्या.

म्हातारीने तिचं मनगट धरलं. "आता बस माझ्याजवळ. पोरगा येईपर्यंत हलायचं नाही." तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार दोघी धक्क्यावरच्या लिलावाच्या शेडमध्ये एका बाकावर बसल्या. म्हातारी मध्येच तिला शिव्या द्यायची, मध्येच तिच्या खांद्यावर डुलकी काढायची. वहिनीने दोन वेळा डबा आणला. दुसऱ्यांदा आली तेव्हा हातात नणंदेचे कपडे भरलेली पिशवीही होती.

"ह्यांनी ठेवायला सांगितली," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली. "मी तुमची निळी साडीसुद्धा टाकलीय. लागेल."

दुपारी दोनच्या सुमाराला बोटी दिसल्या. तिने मोजल्या. नऊ. मग नवव्या बोटीमागे दोरखंडाने ओढत आणलेली दहावी दिसली, आणि तिच्यात दोन माणसं होती. एक फार उंच. म्हातारी तिच्या हाताला लोंबकळून रडायला लागली. ती रडली नाही. तिने बोटी पुन्हा एकदा मोजल्या.

परतीच्या वाटेवर चौथ्या दिवशी सकाळी गिअरबॉक्स मोडला होता. गावभरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याचंच इंजिन, आणि मोडला तो भाग बोटीत नव्हता. खडकांच्या अलीकडे नांगर टाकून बसले. नांगराचा दोर खडकावर घासून निम्मा उरला होता. वारा चढला असता तर तो रात्रभर टिकला नसता, असं आजोबा म्हणाले. पिण्याचं पाणी आदल्या दिवशी संपलं होतं. उंच्याचे ओठ फुटले होते आणि तो भयंकर चिडला होता.

"भरीव लाद्या असत्या तर वितळलेलं पाणी तरी प्यायला मिळालं असतं!" तो तिच्यावर ओरडला.

"भरीव असत्या तर खडकांच्या पलीकडे गेला असतास," आजोबा म्हणाले, "आणि आम्ही निघालो असतो नवव्या दिवशी. मग काय पिणार होतास?"

गावात हा वाद अजून चालू आहे. निम्मं गाव म्हणतं तिने दोन माणसं मारलीच होती, निम्मं म्हणतं वाचवली. तिला विचाराल तर ती सांगते, दोन्ही खरं, आणि आकडा उचलून आपल्या कामाला लागते.

मिस्त्री शेडमधल्या बाकावर बसला होता. हातात पाण्याची बाटली, अंगावर कोणाचा तरी कोरडा सदरा. ती समोर जाऊन उभी राहिली. आजूबाजूला माणसं होती. ती हलली नाहीत आणि तिनेही त्यांना हाकललं नाही.

"लाद्या पोकळ होत्या," ती म्हणाली. "मुद्दाम दिल्या होत्या मी."

"ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं? आजोबांनी?"

"पहिली लादी उचलली तेव्हाच कळलं. हलकी लागली हाताला."

मग तिला असा संताप आला की बाटली हिसकावून त्याच्याच डोक्यात घालावी. "मग बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं?"

"बोललो असतो तर तू बदलून दिल्या असत्यास," तो म्हणाला. "मला त्याच हव्या होत्या."

सहा वर्षांत तो तिला पहिल्यांदा तू म्हणाला होता. शेडमध्ये कोणीतरी खोकलं.

"मरत होतास मेल्या!" ती म्हणाली. आणि आता मात्र रडली, उभ्या उभ्या, सगळ्यांदेखत, नाक पदराला पुसत. "उत्तर दोन शब्दांत हवं होतं ना? सगळ्या गावासमोर दिलंय. तू हजर नव्हतास, ही तुझी चूक."

पिशवी घेऊन ती त्याच दिवशी जाळ्यांच्या शेडमागच्या खोलीत राहायला गेली. लग्नाची नोंद पुढच्या आठवड्यात केली. लोक म्हणाले, निदान आधी नोंद तरी करायची. ती म्हणाली, एकदा रीतसर केलं होतं, त्याचं काय झालं ते तुम्ही बघितलंत.

दादाने तिला कारखान्यात पाऊल टाकायला बंदी केली. पंखा सोडून टाकीवर स्वतः उभा राहिला. संस्थेने ठराव केला की फळा यापुढे मालकानेच लिहावा. दादाचा नऊ आणि एक सारखाच दिसायचा. पहिल्याच आठवड्यात एका बाईने नवरा हरवला म्हणून धक्क्यावर हंबरडा फोडला आणि तो माणूस नऊ दिवसांचा बर्फ घेऊन गेलेला निघाला. शिवाय कॉम्प्रेसर खडखडू लागला, आणि मिस्त्रीला बोलवायला दादाची जीभ रेटेना. दहाव्या दिवशी वहिनी खडूची पेटी घेऊन जाळ्यांच्या शेडमागे आली. पेटी उंबऱ्यावर ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी गारठा कामावर होती. दादा पंख्याखाली होता. झाल्या गोष्टीबद्दल दोघांपैकी कोणीच माफी मागितली नाही, आणि त्या घराण्यात हीच समजूत निघाल्याची खूण होती.

मिस्त्रीची बोट पुढच्या हंगामात तयार झाली. मंगळवारी सकाळी तो बर्फाला आला. नऊ बोटींची माणसं रांगेत होती आणि आज काय होतं ते बघायला आलेल्या बायका वेगळ्याच.

"किती दिवसांचा?" तिने विचारलं.

"आठ."

तिने अठरा लाद्या काढल्या. एकेक लादी सगळ्यांसमोर दांड्याने ठोकली. अठराही टणक वाजल्या. तिच्या मनाला ठोकलं असतं तर काय वाजलं असतं ते सोडा. मग ती फळ्यापाशी गेली, त्याच्या बोटीपुढे आठ लिहिले, आणि सगळे बघत असताना त्याच्याखाली चार लिहिले.

"हे काय?" चेअरमन म्हणाला. "दोन आकडे?"

"वरचा बर्फाचा आहे. खालचा माझा."

"अगं, पण मग शोधायला निघायचं कधी? आठनंतर की चारनंतर?"

"तुम्ही आठनंतर निघा," ती खडू झटकत म्हणाली. "मी चारनंतर निघेन."